बर्फाचा भाव

हर्णै बंदरात एकतीस वर्षं बर्फ विकला मी.
लादी, अर्धी लादी, पाटीभर चुरा.
पहाटे साडेतीनला साचा पाण्यात बुडवला
की लादी सुटायची,
नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी वाफाळती,
फळीवरून घसरत थेट गाडीत.
अमोनिया नाकात इतका मुरला
की हौसा म्हणायची,
भात करपला तरी तुम्हाला कळायचा नाही.

मुलगी तिकडे. जावयाचं नाव रेतो.
पुळणीवर राहणाऱ्याला लक्षात ठेवायला सोपं.
डिसेंबरात फोन आला,
बाबा, सुट्टीला या, बर्फ बघायला या.
हौसा हसून हसून खाली बसली.
मी म्हटलं, जाऊ,
दुसऱ्याचा माल बघून तरी येऊ.

गावाचं नाव अजून मला नीट म्हणता येत नाही.
पण बर्फ होता.
डोंगरावर, चर्चच्या शेंड्यावर, गाड्यांच्या टपांवर,
मोजायला कुणी नाही, काटा नाही, उधारीची वही नाही.
पहिले दोन दिवस मी खिडकीत बसून नुसता हिशोब केला
की समोरच्या एका उतारात किती होड्या भरतील.
आंजर्ल्यापासून दाभोळपर्यंतच्या सगळ्या भरल्या,
तरी कोपरा रिकामा होईना.

आणि लोक पैसे देऊन त्याच्यावरून घसरत होते!
पायाला फळ्या बांधायच्या,
दोरावरच्या पाळण्यात बसून वर जायचं,
वरून खाली यायचं.
वर काही काम असतं का, मी विचारलं.
रेतोनं जरा विचार केला.
नाही म्हणाला, फक्त खाली येणं.

मलाही बांधल्या फळ्या.
शिकवणारी पोरगी बाविशीची, गालांवर उन्हाचे चट्टे.
आधी तिनं पडायला शिकवलं,
कुशीवर, हात छातीशी धरून.
एवढं मला येतं, बाई, ओल्या खडपावर आयुष्य गेलं,
हे तिच्या भाषेत कसं सांगणार?
पडलो. तिनं टाळ्या वाजवल्या.
शेजारून माझी सात वर्षांची नात
बांगड्यासारखी सळकन निघून गेली,
वळूनसुद्धा बघितलं नाही.

रात्री हौसाला झोप लागेना.
कान रिकामे झालेत, म्हणाली.
खरंच, भरती नाही, ओहोटी नाही,
इंजिनाची फटफट नाही, कुत्रं नाही.
दोघं कुशी बदलत पडून राहिलो
आणि बाहेर बर्फ पडत होता,
आवाज न करता, फुकट.

पाचव्या दिवशी सकाळी
एक पिवळी गाडी रस्त्यावर पांढरे दाणे फेकत गेली.
मी एक उचलला. जिभेवर ठेवला.
मीठ.
समुद्र शेकडो कोस लांब,
आणि मी त्या डोंगरात, उसन्या बुटांत,
जीभ बाहेर काढून उभा.
तिथं बर्फ जावा म्हणून मीठ टाकतात.
आमच्याकडे मासा राहावा म्हणून दोन्ही.
हौसालाही एक दाणा नेऊन दिला.
तिनं तो चघळला नाही,
रुमालाच्या गाठीत बांधला.

परत आलो त्या संध्याकाळी पुळणीवर लिलाव चालू होता.
सुरमईचे ढीग, बैलगाड्या पाण्यात,
सुवर्णदुर्गाच्या मागे ऊन उतरलेलं.
मुरादभाईनं लांबूनच हाक मारली,
काय शेठ, कसा होता तिकडचा बर्फ?
कोरडा, म्हटलं. वास नाही.
आणि भाव?
बर्फाला काही नाही, मी सांगितलं, पडायला पैसे पडतात.
तो इतका हसला की त्याची बोली दुसऱ्यानं मारली.

दुसऱ्या पहाटे साचा बुडवला.
लादी सुटली, फळीवर आली.
रोज मी तिला हातानं रेटतो.
त्या दिवशी बाजूला झालो,
जाऊ दिलं तिला तिच्या वेगानं,
उतारावरून, वाफ सोडत, खालच्या अंधारात.
गाडीवाला ओरडला, शेठ, लक्ष कुठंय?

मग वहीत लिहिली.
एक लादी.