नुसतं नाव

गोळे कॉलनीत, औषधांच्या होलसेल दुकानांवर
दुसऱ्या मजल्याला माझं ऑफिस.
जिन्यात बारा महिने खोकल्याच्या औषधाचा वास.
दोंदे चढून आले ते धापा टाकत,
मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीत पासबुक,
पासबुकात एकाच ओळीत उतरलेली
छत्तीस वर्षं.

"मॅडम, रिटर्न तुम्हीच भरता,
मग हे कुठं ठेवू तेही तुम्हीच सांगा."

मी सांगू शकते किती कर बसेल,
कुठल्या कलमात सुटेल, कुठल्यात अडकेल,
व्याज कुठल्या रकान्यात दाखवायचं.
पण "इथं ठेवा"
एवढ्या दोन शब्दांसाठी
परीक्षा वेगळी, नोंदणी वेगळी,
आणि माझ्या भिंतीवरच्या चौकटीत
तो नंबर नाही.

"बरं, मग जाऊ कुणाकडं?"

ड्रॉवरमध्ये मुथाचं कार्ड होतं.
मागच्या दिवाळीत तो काजूकतली घेऊन आला होता.
म्हणाला, ताई, सल्ला देऊच नका ना,
नुसतं नाव पाठवा.
नाव पाठवायला कुठं लायसन लागतं?
डब्याच्या तळाशी, बटर पेपरखाली,
चिठ्ठीवर टक्केवारी.
पेन्सिलीनं. म्हणजे खोडता येईल अशी.

डबा परत पाठवला.
तोवर चार वड्या खाऊन झाल्या होत्या, तेही खरं.

दोंदे नाशिकरोडला प्रेसमध्ये नोटा तपासायचे.
शाई फुटलेली, कोपरा सरकलेला
नजरेला टोचायचा म्हणतात, खड्यासारखा.
"आणि सुटताना गेटवर झडती, रोज."
मी विचारलं, वाईट नाही वाटायचं?
"पहिलं वर्षभर वाटलं.
मग एकदा गेटवरचा माणूस जेवायला गेला होता,
मी तसाच बाहेर पडलो.
घरी जाईस्तोवर खिसे चाचपत होतो, मॅडम.
काही नव्हतं खिशात. तरी."

खाली कुणीतरी खोकी आपटत होतं.
मी नोंदणी असलेल्यांची यादी काढली.
नाशिकमधली नावं थोडीच.
कुणालाही गोल केला नाही,
हात मात्र पहिल्या नावाशी घुटमळला,
तो ओळखीचा आहे, चांगला आहे,
माझ्या भावाचं त्यानंच बघितलं.
पेन खाली ठेवलं.

म्हटलं, गेल्यावर आधी नंबर विचारा.
मग विचारा, तुम्हाला पैसे कोण देतं,
मी की कंपनी?
आणि खाली सही करून लिहिलं,
यात मला काही मिळत नाही.

"हे कशाला लिहिता? विश्वास आहे."
मी काही बोलले नाही.

दोंद्यांनी कागद घेतला
आणि सवयीनं
ट्यूबलाइटसमोर धरला,
एक डोळा बारीक करून,
डावा कोपरा, उजवा कोपरा.

मग घडी घालून पिशवीत ठेवला.

मुथाचं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे,
स्टेपलरच्या पिनांखाली.
टाकायचं राहून जातंय.