दोन कार्डं, एक आरसा

भुसावळच्या रक्तपेढीत, मागच्या खोलीत
एसी कण्हतोय,
मे महिना दाराबाहेर थोपवून.
भारंबे म्हणतो, कंट्रोलर महागाचा आहे भो,
सोड ना त्याच्यावर सगळं.

सोडलं होतं. गेल्या वर्षी, यावलला.
सहाही डिस्क ठणठणीत, कार्ड मेलं,
आणि जाताना आपली लिपी सोबत घेऊन गेलं.
तसलंच कार्ड मिळायला नऊ दिवस.
नऊ दिवस आम्ही धडधाकट डिस्ककडे बघत बसलो,
मोडीतल्या खरेदीखतासारखं:
कागद शाबूत, वाचणारा नाही.

म्हणून आता दोन कार्डं.
प्रत्येकाच्या पदरी तीन-तीन डिस्क,
त्यांची राखण त्यानं करावी, आपापल्या बॅटरीवर.
आणि वर, दोघांवरही पुरता भरवसा नसलेलं
एक फुकटातलं सॉफ्टवेअर,
डावीकडे लिहिलेलं उजवीकडेही लिहिणारं.

रात्री सव्वादोनला मी डावी केबल उपटली.
भारंबेनं डोळे मिटले.
लाल दिवा. बझर.
पलीकडे सपकाळेबाई स्क्रीनवर
कुणासाठी तरी ओ निगेटिव्ह शोधत होत्या.
"दोन पिशव्या, तिसरा कप्पा," त्या फोनवर म्हणाल्या,
मग आमच्याकडे वळून,
"ते काय कोकलतंय, बंद करा आधी."

केबल लावली. आरसा पुन्हा भरू लागला.
एक टक्का.
यार्डात मालगाडीला डबे जोडत होते.
तीन टक्के.
भारंबेनं थर्मासातला चहा दोन कपांत ओतला,
पाहिलं, एकातला घोटभर दुसऱ्यात घातला.
"सकाळपर्यंत होईल?"
होईल.
तोवर उजव्याकडे फार बघू नको.