डाव्या कोपऱ्यातलं

मसाई पठारावर, दुसऱ्या टेकाडाच्या उतरणीला
पालथा पडून काढलेला फोटो.
निळी नभाळी, पुंकेसरांवर बारीक लव,
आणि मापासाठी शेजारी धरलेलं माझं बोट,
नखात उद्यमनगरचं काळं ऑइल.

रात्री पाठवला सगळ्यांना.
वाटलं होतं, वा म्हणतील.

हुक्केरी सर निवृत्त झाल्यापासून झोपत नाहीत.
त्यांचं आधी आलं: नभाळी.
गेल्या भाद्रपदातही तुम्ही हीच विचारली होती.
भैरूनं गगनबावड्याहून दुधाची गाडी काढता काढता
एक अंगठा पाठवला.
आणि पहाटे तीनला, सीपीआरच्या रात्रपाळीतून,
सुमित्रा खोत:
फूल राहू द्या हो.
मागं डाव्या कोपऱ्यात गवतावर चढलंय ते काय?

मोठं करून बघितलं.
एक पुसट हिरवी रेघ, काडीला वेढे घातलेली,
तिला काहीतरी लटकलेलं,
जांभळं म्हणावं तर जांभळं,
सावली म्हणावी तर सावली.
मीच काढलेल्या फोटोत
मी न बघितलेलं.

मग सुरू झालं.
वेल डावीकडून वळतेय की उजवीकडून?
पानं समोरासमोर, का एक इकडं एक तिकडं?
चीक आहे का?
खाली कांदा असणार, पण उकरायचा नाही, सांगून ठेवतो.
कंदीलफूल असंल, भैरू म्हणाला.
त्या असंलपुढं सरांनी
नुसतं एक प्रश्नचिन्ह ठेवलं.

आमच्याकडं आधी ड्रॉइंग येतं, मग जॉब.
केसभर फरक पडला तरी माल मी परत लावतो.
इथं जॉब डोळ्यापुढं, अर्धा धुरकट,
आणि ड्रॉइंग मागायचं तर कुणाकडं?

रविवारी चौघं गेलो, भैरूच्या गाडीतून,
आंबलेल्या दुधाच्या वासात.
सरांच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं भिंग.
मोबाइल समोर धरून
फोटोतला दगड दगडाशी जुळवत गेलो,
जसं कुणी वधूवरांच्या पत्रिका जुळवतं.
दगड सापडला.
नभाळी सापडली, वाळत आलेली.
डावा कोपरा सापडला.
त्यात गवत होतं, गुडघ्याएवढं,
आणि म्हशीचं ताजं शेण.

सुमित्रा रात्रभर जागून आलेली, तरी तासभर
एकेक काडी बाजूला करत राहिली,
पेशंटची शीर शोधावी तशी.
मग सर म्हणाले, लिहा.
दिसली नाही, हेही लिहायचं असतं. तारीख घाला.
आम्ही तारीख घातली
आणि वाऱ्याकडं पाठ करून भडंग खाल्लं.

तेव्हापासून फोटो जरा लांबून काढतो.
जुनेही उघडून बघतो, मधलं सोडून.

खंडेनवमीला कपाट आवरताना
वडिलांच्या कारखान्याचा सापडला.
लेथला झेंडूची माळ,
मधोमध वडील, इस्त्रीच्या शर्टात, धारदार.
आणि डाव्या कडेला
निम्मा कापला गेलेला, हाललेला एक माणूस.
इतकी वर्षं हा फोटो भिंतीवर होता.

आईला विचारलं, हा कोण?
तिनं चष्मासुद्धा शोधला नाही.
नारळ कुठल्या हातात हाय बघ, म्हणाली.
दिसत नाही, हात हाललाय.
डावा असंल तर दस्तगीर, साचे भरायचा.
उजवा असंल तर त्याचा थोरला भाऊ, त्याचं नाव...
थांब,
कपाळावर भाजल्याचा डाग दिसतोय का?

खिडकीशी नेला. तिरपा धरला.
सरांकडून आणलेलं भिंग लावलं.
डाग होता, किंवा फोटोला बुरशी.

उलटा करून मागं पेन्सिलीनं लिहिलं:
दस्तगीर. पुढं प्रश्नचिन्ह.
तारीख घातली.