उलटा पंखा

मे महिन्यात दुपारी दोनला अमळनेरात
रस्त्यावर कुत्रंही नसतं,
म्हणून मी दुपार निवडली.
सतरंजी गुंडाळली, फरशी पुसली.
कपड्यांतून म्हणे वीज अंगात साठते
आणि एका ठिणगीत कमाई जाते.
म्हणून आधी खिडकीच्या गजाला हात, मग बोर्डाला.
गज तापलेला. दर वेळी चटका.
दर वेळी लावला.

दोन लग्नसराया मी दुसऱ्याच्या स्टुडिओत
दुसऱ्याच्या मशीनवर अल्बम रचले.
एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा,
नवरीचं डोकं आधी यायचं, हळद नंतर.
त्यातून ही खोकी.
कॅबिनेट धुळ्याहून, एसटीत, सगळी वाट माझ्या मांडीवर.
प्रोसेसर सुरतेचा, जुना, एका हातचा;
लोटनमामाने पॅसेंजरने आणला
घारीच्या रिकाम्या खोक्यात, रुमालात बांधून.
उघडला तर तुपाचा वास.

कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा.
दाबायचं नाही.
(दाबावंसं फार वाटतं.)
रॅमचं उलट. ती दाबल्याशिवाय ऐकतच नाही,
दोन्ही अंगठे, बोर्ड वाकतोय,
मोडलं, मोडलं,
खट्.
भुईमुगाची शेंग फुटावी तसं.

पेस्ट किती लावायची
यावर जगात एकमत नाही.
कुणी तांदळाएवढी म्हणतं, कुणी वाटाण्याएवढी.
मी तुरीच्या दाण्यावर तोडलं.

चारला नाना उठले.
चाळीस वर्षं ते कूलरच्या मोटारी भरतात,
चिमटीत धरून तारेचा गेज सांगतात.
वाकून सगळं पाहिलं, हात मागे बांधून.
"यामा वाइंडिंग कोठे शे?"
नाहीये, म्हटलं.
"मंग बिघडनं तं दुरुस्त काय करशी?"
मी स्क्रू शोधत असल्यासारखं केलं.

बटण दाबलं.
काही नाही.
वायरी उपसल्या, परत खोचल्या,
मुंगीच्या डोक्याएवढी अक्षरं मोबाईलच्या उजेडात वाचली,
परत दाबलं.
काही नाही.
घाम नाकावरून बोर्डावर पडेल म्हणून
मान वळवून रडू आवरलं.
पॉवर सप्लायच्या पाठीमागे आणखी एक बटण असतं.
एवढंच.

पंखे फिरले.
नाना काहीच बोलले नाहीत, नुसतं ऐकलं,
मग पेपरची एक पट्टी फाडून
मागच्या जाळीपाशी धरली.
पट्टी उडायला हवी होती.
ती जाळीला चिकटली.
"हवा मजार यी ऱ्हायनी. पंखा उलटा बसाडेल शे."
मी म्हटलं, बाण बघून बसवलाय.
"बाण काय पाहस? कागद पाह्य."

बंद केलं. चार स्क्रू काढले.
पुढूनही आत, मागूनही आत,
तापलेली हवा बिचारी जाणार कुठे?
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
आणि ज्याला येत होतं
त्याला मी विचारलं नव्हतं.

पडद्यावर काळ्यात पांढरी अक्षरं आली.
मघाशी नीट बघितलंही नव्हतं, एकाहत्तर.
आता बावन्न.
पट्टी फडफडत होती,
नानांनी ती सोडली नव्हती.
भिंतीपलीकडे अमळनेर चव्वेचाळीसवर.

मशीनच्या मते मात्र रात्रीचे बारा होते,
पहिली जानेवारी,
साल सहा वर्षांपूर्वीचं,
जेव्हा मला रॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं.
वेळ विचारली तर नानांनी मनगट पुढे केलं.
पाच वीस.
"पाच मिनिट पुढे शे," ते म्हणाले, "गिऱ्हाइकसाठे."
मी पाच वीसच भरले.

शेवटी एक स्क्रू उरला.
कुठला, ते मी सगळं परत उघडून पाहिलं तरी कळेना.
नानांनी तो उचलला,
फुंकर मारली
आणि स्वतःच्या डब्यात टाकला.