मोजदाद

मिनिटाला चाळीसच्या वर गेले श्वास
तर सकाळची वाट बघू नकोस, घेऊन ये,
असं नर्स खाजिदमा म्हणाली तेव्हा हसू आलं.
ही मला मोजायला शिकवणार?

तीनशे बारा मेंढ्या मोजायचो मी
तिरप्या उन्हात, घोड्यावरून न उतरता.
एक कमी असली
की आकड्याआधी पोटाला कळायचं.

मग तो हिवाळा आला.
गवत बर्फाच्या काचेखाली.
दिसायचं, खाता यायचं नाही.
मार्चमध्ये एकोणीस उरल्या.
त्या विकून आम्ही उलानबातरच्या टेकडीवर
नमद्याचा गेर ठोकला,
जिथे आमच्यासारखेच सगळे
मोजायला काही न उरलेले.

आता रात्री दोनला
नोमिनच्या छातीवर तळहात,
डोळे घड्याळाच्या काट्यावर.
बाहेर उणे एकतीस.
शेगडी विझवली तर थंडी,
पेटती ठेवली तर...
हे वाक्य सरनाई कधीच पुरं करत नाही.
उठते, आणखी एक ढेकूळ टाकते.

मेंढीनं कोकरू नाकारलं
की तिच्या कानाशी बसून आळवायचो आम्ही:
तोइग, तोइग, तोइग...
तासभर, दोन तास, ती हुंगेपर्यंत.
तेच म्हणतो आता ओठांतल्या ओठांत,
हवेला.
घे गं हिला. तुझीच आहे.

कुंपणापलीकडे तुगुल्दुर खोकतो.
आमचं धुराडं त्यांच्या दाराकडे,
त्यांचं आमच्या.
वारा पडलेला.
म्हणजे हिशेब सरळ.
परवा त्यांचा कोळसा संपला,
त्याची आई रिकामं पोतं घेऊन दारात उभी राहिली.
अर्धं पोतं दिलं.
काय देतोय, काय घेतेय,
दोघांनाही ठाऊक होतं.
सोबत तिनं वाळवलेलं दही दिलं, मूठभर.

सरनाई पहाटे पहिल्या चहाची पळी
आभाळाला शिंपडते.
आभाळ कुठे आहे ते तिला सवयीनं माहीत.
पोचतं का, नोमिननं विचारलं होतं एकदा.

आज त्रेपन्न.
पुन्हा मोजले. चोपन्न.
मेंढीच्या कातड्यात गुंडाळून तिला
दोघं टेकडी उतरलो.
एकेका खाटेवर तीन तीन पोरं,
उरलेली व्हरांड्यात, आयांच्या मांडीवर.
सरनाई रांगेत,
आणि मी जुन्या खोडीनं मोजत गेलो
भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एकसष्ट.
परत मोजले. एकसष्टच.
तरी पोटात काहीतरी हललं.

तुगुल्दुर.
इथे असायला हवा होता तो.
निघताना कुंपणापलीकडून
खोकला ऐकू आला नव्हता,
आणि मला बरं वाटलं होतं.

नोमिनला सरनाईच्या कुशीत दिलं
आणि टेकडी चढायला लागलो,
धुरात, अंदाजानं,
चुकलेल्या कोकरामागे जायचो तसा.
शीळ घालून पाहिली.
शिळेपुरताही श्वास नव्हता.