चार बोटं डावीकडे

नोव्हेंबरात विल्नियसमध्ये सूर्य येतो
तो घरभाडं मागायला आलेल्या माणसासारखा.
उंबऱ्यावर उभा राहतो, आत येत नाही,
चार वाजायच्या आत निघूनही जातो.

आमच्या कारखान्यात मात्र एक सूर्य बारमाही आहे.
पिवळ्या त्रिकोणात, काळा,
सुरीने कोरल्यासारखा,
एक किरण बाकीच्यांहून लांब, उजवीकडे,
जणू कुणी धरून ओढलाय.
खाली लिहिलंय: अदृश्य लेसर. वर्ग चार.
डोळा, त्वचा, सरळ येणारा किंवा आदळून वळलेला किरण,
यांची गाठ पडू देऊ नका.

पहिल्या दिवशी मी ते तीनदा वाचलं.
दुसऱ्या आठवड्यात एकदा.
नाताळापर्यंत तो दाराचा रंग झाला होता.

दाराशी स्टुलावर एक बशी असते,
निळ्या काठाची, टवका उडालेली.
आत जाताना चकाकणारं सगळं तिच्यात.
घड्याळं, यूर्गिताचं कडं, लग्नाच्या तीन अंगठ्या,
आणि ग्राजिनाची, जी घटस्फोटानंतरही बोटातून निघत नाही
म्हणून ती येताना साबण घेऊन येते.

वाइदोतास पाट्या लावतो.
पूर्वी तो आरसे जुळवायचा,
केसाच्या दहाव्या हिश्शाइतके इकडे, तितकेच तिकडे.
एकदाच त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रू दिसत नव्हता म्हणून.
दुखलं नाही, तो सांगतो.
ओलं लाकूड शेगडीत फुटावं तसा बारीक आवाज झाला,
तोही बाहेरून आला असं वाटलं.
मग त्याने स्क्रू घट्ट केला.
मग फळ्याकडे पाहिलं
आणि फळ्यावरची तारीख नव्हती.

डाव्या डोळ्यात आता राईएवढी जागा.
तिथे अंधार असता तर बरं झालं असतं, म्हणतो,
अंधार निदान कळतो.
पण डोकं आजूबाजूचं ओढून तिथे ठिगळ लावतं.
भिंत असेल तर भिंत, आभाळ असेल तर आभाळ.
मुलीकडे पाहिलं
तर मुलीच्या तोंडाच्या जागी
तिच्या मागचा पडदा.

कधीकधी उजवा डोळा तळहाताने झाकून
तो पाटीसमोर उभा राहतो.
किरण दिसतात.
सूर्य नाही.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
तो ड्रिल घेऊन येतो आणि पाटी हलवतो.
चार बोटं डावीकडे. वीतभर खाली.
एकदा बिजागरीजवळ, मुद्दाम तिरकी.
दाराची चाळण झालीय.
मॅनेजर झिगिमांतास म्हणतो, दार खराब होतंय.
होऊ दे, दार बदलून मिळतं.

त्याच झिगिमांतासने एकदा सुचवलं,
वरचा लाल दिवा चोवीस तास चालू ठेवू,
बिल कितीसं येणार, सुरक्षितच ना.
एरवी चहात चमचासुद्धा वाजू न देणारा माणूस
तेव्हा ओरडला.
किरण बंद असताना जळतो तो दिवा नाही, रंग.
आणि रंग आपल्याकडे भरपूर आहे.

काल मी अर्धवट झोपेत आले.
ट्रॉलीबस उशिरा, बुटांत बर्फ,
डोक्यात आईचा फोन.
हात सवयीने दार ढकलायला गेला
आणि गार प्लॅस्टिकवर पडला.
हाताच्या जागीच पाटी लावली होती त्याने,
बरोबर तळव्याखाली तो काळा सूर्य.

थांबले.
वाचलं. पहिल्या दिवसासारखं नाही, पण वाचलं,
अदृश्यपासून शेवटच्या टिंबापर्यंत.
दिवा लागलेला होता.
चष्म्याच्या हिरव्या काचा पुसल्या, घातल्या.
अंगठी बशीत टाकली,
आणि तेवढ्या आवाजाने आतून ग्राजिनाने विचारलं,
कोण?