अर्धा ट्रक मुरूम

ग्वायाकिलमध्ये नदीला विचारू नये, कुठे निघालीस.
सकाळी जलपर्णीचं एक बेट समुद्राकडे जातं,
वर एक बगळा, त्याला कसली घाई नाही;
दुपारी तेच बेट परत येतं.
बगळा तोच की दुसरा,
हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मी धक्क्यावर पाण्याची उंची लिहितो.
एकवीस वर्षं झाली.
पट्टीवर शेवाळ चढलंय, आकडे पाठ आहेत.
पुरुषभर चढतं, आणखी अर्धा पुरुष चढतं,
मग उतरतं, आणि उघड्या पडलेल्या गाळात
खेकडे आपापली दारं लोटून बाहेर बघतात.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे उकाडा.
हसू नका. शब्द स्पेनहून गलबतातून आले,
उतरवताना गाठोडी बदलली असणार.
जानेवारीत पाऊस लागतो,
अंगाला अंग लागलेलं सोसत नाही,
रातकिडे दिव्यांखाली ढिगांनी पडतात,
सकाळी दुकानदार ते सुपलीत भरतात:
हा हिवाळा.
जूनमध्ये दक्षिणेकडून गार प्रवाह किनाऱ्याला घासत येतो,
आभाळ पातेल्यावरच्या झाकणासारखं,
पाऊस नाही, नुसता ओलसर श्वास,
आणि वॉशिंग्टन किमी, जो बर्फाच्या कारखान्यात
उघड्या हातांनी लाद्या ओढतो,
स्वेटर घालून पाव आणायला जातो.
बावीस अंश.
हा उन्हाळा.

आई आली तेव्हा आमचा रस्ता आला नव्हता.
खाडी होती, तिवरं होती,
बांबूच्या खांबांवर एक खोली
आणि शेजाऱ्यापर्यंत दोन फळ्या.
रस्ता नंतर आला, ट्रकमधून.
निवडणुकीच्या आधी थोडा,
निवडून आल्यावर अजिबात नाही,
पुढच्या निवडणुकीच्या आधी उरलेला.
कुठल्याशा टेकडीचं पोट कापून आणलेला मुरूम,
तिवरांच्या मुळांवर ओतलेला.
आई म्हणते, तू पाण्यावर जन्मलास,
तुझी बहीण जमिनीवर,
म्हणून ती हिशेबाला पक्की.

ब्याऐंशीच्या नाताळात समुद्र कोमट झाला.
त्या पाण्याला कोळ्यांनी फार पूर्वीच
बाळ म्हणायचं ठरवलंय, येशूच्या नावानं.
शिलाई मशीन आढ्याला टांगलेलं,
आम्ही टेबलावर बसून जेवत होतो,
टेबलाखालून कुणाची तरी चप्पल
एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे.
"बाळच ते," आई अजून म्हणते,
"जुलैपर्यंत अंगावरचं सुटलं नाही."

गेल्या मंगळवारी पहाटे तिनं मला हलवलं.
"ऊठ. डोंगर आलाय."

वर्षातून दोन-चारदा येतो तो, धुकं फाटलं तर.
खाडीवरच्या पुलावर अर्धी गल्ली जमलेली,
कुणी गाऊनमध्ये, कुणी चड्डीत,
एकाच्या तोंडात दात घासायचा ब्रश, तसाच थांबलेला.
शहरापलीकडे, नदीपलीकडे,
भाताच्या सगळ्या शेतांपलीकडे
चिंबोरासो.
इतका पांढरा, की वाटावं आभाळाचा तेवढाच भाग
रंगवायचा राहून गेला.
पहाटेच घामेजलेले आम्ही
बर्फाकडे बघत होतो.
एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
नाही, एक भुंकलं.

"त्याचाच गाळ हा," आई म्हणाली,
"तो थोडा थोडा खाली येतो
आणि आपण त्याच्यावर चूल मांडतो."
मला वाटलं, आता ती आणखी काही बोलेल.
ऐंशी वर्षांची बाई, समोर पर्वत.
मी थांबलो.

सहा वाजून पाच मिनिटांनी धुकं मिटलं.
लोक पांगले. ब्रशवाला थुंकला.
आई एका पायानं स्लीपर चाचपत म्हणाली,
"स्वयंपाकघर पुन्हा बोटभर खचलंय.
वॉशिंग्टनच्या भावाला अर्धा ट्रक मुरूम सांग.
पूर्ण नको.
पूर्ण सांगितला की तो ओला देतो."